नदीवर न्यायच्या अकरा वस्तू आणि त्यांचे वारस

हे मृत्युपत्र मी सोमवारी लिहिणार होतो. सोमवारी पेन नव्हतं. मंगळवारी पेन मिळालं, पण कागद रेघांचा घ्यावा की कोरा, यावर माझं आणि शेजारच्या खाटेवरच्या टेलरमामांचं एकमत होईना. बुधवारी रक्त काढलं आणि मी झोपलो. यातली बुधवारची सबब तेवढी खरी आहे. आज गुरुवार. उद्या सकाळी आठला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत, त्यामुळे आता पुढे ढकलायला दिवसच शिल्लक नाही.

डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात. उरलेल्या तिघांनी काही लिहून ठेवलं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू पड बघू जरा."

तर मी, खाली सही करणार, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात तो, वय वर्षे सव्वीस, धंदा मिळेल तो, शिक्षण नववी आणि दहावीचा थोडा भाग, राहणार सध्या वॉर्ड तीनमधली खिडकीकडची खाट, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे (याबाबत ताईला विचारू नये), मला कोणी धाक घातलेला नाही, आणि माझ्यामागे माझं जे काही उरेल ते कोणाकडे जावं हे मी माझ्या मर्जीने ठरवतो आहे.

कलम एक. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी आठवीत केलं होतं, पहिल्यांदा दवाखान्यात ठेवलं तेव्हा. त्यात कंपासपेटी बाकावरच्या जोडीदाराला दिली होती. मी चार दिवसांनी परत गेलो तर त्याने ती वापरायलाही काढली होती, आणि परत देताना कर्कटक दिलं नाही. ते कर्कटक आता त्यालाच राहू दे. माझी हरकत संपली.

कलम दोन. हे सगळं अमलात आणायचं काम ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं. बँकेत जे आहे ते तिचं, ते मोजायला तिला वेळ लागणार नाही. तिचे आभार कुठल्या कलमात घालावेत ते मला कळलं नाही म्हणून इथेच घालतो. गेल्या चार वर्षांत मी सहा गावं बदलली, मांडव घातले, नावेवर तिकिटं फाडली, हॉटेलात भांडी घासली, विजेचे खांब रंगवले, आणि दर वेळी फोन केला की ताई आधी एकच विचारायची, "जेवलास का?" कुठे आहेस हे नंतर. मी खोटं सांगितलं तरी तिला कळायचं. एकदा म्हणाली, "तुझ्या 'हो'मध्ये भात नाहीये." ताई, तुझ्यामुळे मी बऱ्याचदा जेवलो.

आता माझ्या खऱ्या मालमत्तेकडे येतो. ती बहुतेक एका जाकिटात मावते. ताईच्या घरी दाराच्या मागे अडकवलेलं आहे, नऊ खिशांचं, मातकट रंगाचं. त्याच्या आतल्या खिशात घड्याळदुरुस्तीच्या पावतीच्या मागे लिहिलेली एक यादी आहे. अक्षर इतकं बारीक की मुंगीला चष्मा लागावा. वर लिहिलंय, "दिवसभर नदीवर जाताना", आणि खाली अकरा वस्तू. ही यादी घड्याळकाकांची.

घड्याळकाका माझे नात्याने कोणी नाहीत. चपला शिवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सच्या मधे एका दाराएवढं रुंद त्यांचं दुकान. मी एकोणीस वर्षांचा असताना वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन तिथे गेलो. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाला चावी दिली आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"काय झालं होतं काका?"

"काही नाही. चावी द्यायची असते."

"किती द्यायचे?"

"चावीचे कसले देतोस? बस. असा धापा का टाकतोयस?"

मी सांगितलं, हृदयाची झडप नीट मिटत नाही, जन्मापासून, म्हणून पळायचं नाही, क्रिकेट नाही, डोंगर नाही, जास्त हसायचंही नाही. काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून खाली ठेवलं. मग म्हणाले, "उभं राहता येतं ना? मग रविवारी सहाच्या बसला ये. उभं राहायचा खेळ दाखवतो."

ताईसाठी सांगतो, कारण तिला अजून वाटतं मी गांडुळं घेऊन बसायचो. फ्लाय फिशिंगमध्ये गांडूळ नसतं. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून खोटी माशी बांधायची, आणि ती रॉडच्या, म्हणजे लवचिक काठीच्या, लांब दोरीने पाण्यावर अशी हलकेच टाकायची की माशाला वाटावं आत्ताच उडत येऊन बसली. मासा लागला की ओला हात करून तो सोडवायचा आणि परत पाण्यात ठेवायचा. भाऊजी म्हणतात, "म्हणजे दिवसभर जाऊन मोकळ्या हाताने परत?" हो भाऊजी. पण माझ्या आयुष्यात तोपर्यंत मला कोणी पूर्ण दिवस कुठे नेलंच नव्हतं.

कलम तीन. यादीतली सहावी वस्तू, जाळी, लाकडी कड्याची. ही भाऊजींना देतो, आणि का देतो ते नोंदवून ठेवतो. मी नसताना त्यांनी ती गच्चीवरच्या टाकीतली पानं काढायला वापरली. कडं फुगलं, सांधा उसवला. मी विचारल्यावर म्हणाले, "पानं मात्र एक नंबर निघाली." हा राग मी दोन वर्षं जपला. मग गेल्या महिन्यात मी जिन्यात कोसळलो, तेव्हा ह्याच माणसाने मला पाठीवर घेऊन तीन मजले उतरवलं, आणि रिक्षात बसल्यावर स्वतःच धापा टाकत मला म्हणाले, "बोलू नकोस, मीच बोलतो." आणि दवाखाना येईपर्यंत टाकीबद्दल बोलत राहिले. जाळी तुमची, भाऊजी. खुशाल पानं काढा.

कलम चार. आठवी वस्तू, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. हे मी टेलरमामांना देणार होतो, कारण त्यांनी माझ्या दवाखान्याच्या शर्टाचं बटण स्वतःच्या सलाईनच्या हाताने लावून दिलं. पण ते वाचून म्हणाले, "अरे, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार राहायचं नसतं. मी बूट घेऊ की सही करू?"

मी म्हटलं, "बूट किती नंबरचे घालता?"

"सात."

"हे नऊचे आहेत."

"मग सही करतो."

म्हणून बूटही भाऊजींना. टाकी धुवायला उपयोगी पडतील.

कलम पाच. नववी वस्तू, कोरड्या मोज्यांचा जोड. काका म्हणायचे, परतीच्या बसमध्ये माणूस सुखी आहे की नाही हे त्याच्या मोज्यांवर ठरतं. हा जोड कोणालाही देत नाही. वेळ आलीच तर ताईने तो माझ्या पायात घालावा. बाकी काही नवीन आणू नये.

टोपी आणि उन्हाचा चष्मा, वस्तू सातवी, ज्याला बसेल त्याने घ्यावा. पाचवी वस्तू नेलकटर. हे दोरा कापायला लागतं, आणि ते माझ्याकडे नाही. ते कुठे आहे ते कलम सातमध्ये येईल. दहावी वस्तू खाणं. त्यापुढे काकांनी लिहिलंय, "दोघांपुरतं, एकटा गेलास तरी." पाव, उकडलेली अंडी, मीठ पुडीत वेगळं. मी सहा गावांत एकटा होतो आणि दोघांपुरतं घेऊन जात होतो, आणि प्रत्येक काठावर कोणीतरी भेटलं. एक तर म्हैस होती. तिने पाव खाल्ला.

अकरावी वस्तू म्हणून लिहिलंय, "जे विसरशील ते." हे वाचून मी पहिल्यांदा इतका हसलो की काकांनी मला खाली बसवून पाणी पाजलं.

कलम सहा. तिसरी वस्तू, माश्यांची डबी. घशाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी आहे, आत बेचाळीस माश्या. त्यातल्या चौदा काकांनी बांधलेल्या, त्या ओळखू येतात, कारण त्या बघून आपणही हात झटकतो. बाकीच्या मी बांधलेल्या. काका म्हणायचे माझी माशी अपघातातून वाचल्यासारखी दिसते. पण मासे लागायचे, तेव्हा माशांची दृष्टी आणि काकांची दृष्टी वेगळी असणार. डबी काकांना परत. चौदाव्या माशीनंतर त्यांनी एकही बांधलेली नाही, आणि ते का, हे आता लिहितो. इथपर्यंत येताना मी टाकी, म्हैस, कर्कटक सगळं लिहिलं, ते हे टाळण्यासाठीच, हे माझ्या लक्षात आलं आहे.

कलम सात. यादीतली चौथी वस्तू पक्कड. काकांनी त्याखाली दोन रेघा मारल्यात. गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक दात असतो. त्यामुळे गळ आत जातो पण बाहेर येत नाही. काका तो दात पकडीने दाबून सपाट करायचे, म्हणजे मासा न फाटता सुटतो. आणि आमचा एक नेम होता. पहिल्यांदा दोरी पाण्यावर टाकण्याआधी एकाने विचारायचं, "दाबला?" दुसऱ्याने गळ बाहीवर घासून बघायचा, कापडात अडकला नाही तरच म्हणायचं, "दाबला." मग उलट. तीन वर्षांत एकही रविवार याशिवाय गेला नाही.

त्या रविवारी माझी पक्कड घरी खिडकीच्या कट्ट्यावर राहिली. हे मला काठावर पोचल्यावर कळलं. काकांची मागितली असती तर मिळाली असती, पण सोबत यादीवरचं भाषणही मिळालं असतं, आणि समोर पाण्यात मासे वर येत होते.

"दाबला?"

"दाबला."

"बाहीवर बघितलंस?"

"बघितलं हो काका. तुम्ही पण ना."

तासाभराने काका माझा हात सुधारायला मागे आले. "मनगट नाही रे, कोपर, कोपर," म्हणाले. मी मागे न बघता रॉड मागे घेतला, आणि गळ त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात, पेराच्या मऊ भागात, खोल गेला. ते ओरडले नाहीत. आधी माशी बघितली आणि म्हणाले, "बरी बांधलीस की." मग काढायला गेले. गळ निघेना. दात दाबलेला असता तर सरळ मागे सरकून आला असता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. घड्याळाचं झाकण उघडून आत काय तुटलंय ते बघतात तसं. मग म्हणाले, "दोरा काप." मी त्यांच्याच नेलकटरने कापला. माझं नेलकटर त्या गडबडीत नदीत पडलं, ते अजून तिथेच असेल.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोणाचा गळ?"

काका म्हणाले, "माझाच. दात दाबायचा विसरलो."

तेवढ्यात काकू, म्हणजे काकांची बायको, धावत आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. "वीस वर्षं जगाला विचारताय, दाबला का, दाबला का," ती म्हणाली, "आणि स्वतःचा?"

"वय झालं," काका म्हणाले. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते.

मी शेजारीच उभा होतो. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात. मी एक अक्षर बोललो नाही.

बोट पिकलं. दोनदा चिरलं. वाचलं, पण टोकाला काही कळत नाही असं झालं. तांदळाच्या कणीहून बारीक स्क्रू त्या बोटाने उचलायचा असतो. दुकानात पाटी लागली, "लहान घड्याळे घेतली जात नाहीत." काकूने काकांचा रॉड पिशवीत घालून माळ्यावर टाकला आणि शिडी शेजाऱ्यांकडे ठेवली. "विसरायला लागलेत," ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "आता पाण्यात एकटं उतरू देणार नाही." गिऱ्हाईकं काकांची मस्करी करायची, "काका, माझं घड्याळ विसरू नका हं," आणि काका त्यांच्यासोबत हसायचे. मी समोरच्या स्टुलावर बसून ते हसणं अकरा दिवस ऐकलं. बाराव्या दिवशी सांगितलं, मांडववाल्यांकडे काम लागलंय, लांब जायचंय. काका म्हणाले, "यादी घेतलीस ना?" चार वर्षं मी फिरतो आहे. लोकांना वाटतं माझ्या पायाला चाक आहे. चाक नाही. मला त्या रस्त्यावरून जायला तोंड नाही, एवढंच.

काका गेल्या चार वर्षांत एकदाही नदीवर गेलेले नाहीत. हे मला ताईकडून कळलं. म्हणून माझी इच्छा अशी: मी गेल्यावर ताईने त्यांच्या दुकानात जावं, काकू समोर असताना, जमल्यास दोन-चार गिऱ्हाईकं असताना, आणि हे कलम मोठ्याने वाचावं. काकू, काका काहीही विसरले नव्हते. त्यांनी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. मी खोटं बोललो. ते विसरभोळे नाहीत, ते फक्त माझ्यासाठी विसरभोळे झाले. शिडी परत आणा.

मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी बरंच दिलं. पण स्वतःचं नाव कोणी असं उतरवून मला पांघरायला दिलं नव्हतं. त्याची परतफेड होत नाही हे मला माहीत आहे. निदान नाव परत जावं.

कलम आठ. पहिली आणि दुसरी वस्तू, माझा रॉड आणि दोरी गुंडाळायचं रीळ, दोन्ही काकूला देतो. काकांना नाही, त्यांना त्यांचा आहे. काकूने काकांसोबत सहाच्या बसने जावं. तिला मासे धरायचे नसतील तर नुसतं उभं राहावं, तो मूळचा उभं राहायचाच खेळ आहे. पण पहिल्यांदा दोरी टाकण्याआधी तिने काकांना विचारावं आणि काकांनी तिला. दोघांपुरतं खाणं न्यावं.

कलम नऊ. ती खिडकीच्या कट्ट्यावर राहिलेली पक्कड मी चार वर्षं जाकिटाच्या सगळ्यात वरच्या खिशात बाळगली आहे. एकदाही विसरलो नाही. ती दुकानात खिळ्याला टांगावी. कोणी विचारलं तर काकांनी खरं सांगावं, ही माझी त्यांना विनंती आहे, कारण हुकूम त्यांना करता येत नाही.

यादी मात्र मी कोणाला देत नाही. ताईने तिची झेरॉक्स काढून ज्याला हवी त्याला द्यावी, आणि मूळ प्रत माझ्या शर्टाच्या खिशात. जिथे जायचं तिथे काय काय लागतं कोणाला माहीत, पण अकरावी वस्तू नक्की लागेल.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला, चार ठिकाणी खाडाखोड केली, आणि तो मला मान्य आहे.

सही: भिंगरी (खरी सही शेजारी केली आहे, ती कोणालाच वाचता येत नाही)

साक्षीदार पहिले: टेलरमामा, खाट क्रमांक सहा. यांनी आमच्यासमोर सही केली आणि यांना बूट मिळालेले नाहीत.

साक्षीदार दुसऱ्या: दिवसपाळीच्या सिस्टर. सही करताना यांनी सांगितलं की रुग्णाने इतका वेळ बसून लिहायला नको होतं.

ठिकाण: वॉर्ड तीन. गुरुवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं, वडिलांच्या घड्याळाप्रमाणे. आज चावी दिलेली आहे.

ताजा कलम. सह्या झाल्यावर काही लिहायचं नसतं असं टेलरमामा म्हणतात, पण लिहितो. ते सलाईनचा दांडा ढकलत दारापर्यंत पाय मोकळे करायला गेले होते, ते परत येऊन म्हणाले, "तुझ्याकडे कोणीतरी आलंय. बाई आहेत. सिस्टरशी भांडतायत."

मी म्हटलं, "ताई असेल."

"ताईला ओळखतो मी. ह्या वेगळ्या. हातात लांबच लांब पिशवी आहे, छत्रीच्या दुप्पट. तोंडाला घड्याळाचा पट्टा बांधलाय."

त्या पट्ट्याचं बकल मी लावलं होतं. ती काकांच्या रॉडची पिशवी आहे.

सिस्टर आत्ता येऊन गेल्या. म्हणाल्या, भेटीची वेळ पाचची आहे हे सांगितलं, तर त्या म्हणतात, बहिणीचा काल फोन आला, चार तास बसमध्ये बसून आलेय, पोराला एवढं देऊ द्या. घरी माळ्यावर धूळ खात पडलाय, आमच्या ह्यांना आता त्याचा काय उपयोग, विसरतात हो सगळं. ह्याला उठल्यावर बरं वाटेल.

ताईला मी फोन करू नको म्हटलं होतं. ताई, ही तक्रार मी मागे घेतो.

कलम सात मी गेल्यावर वाचायचं ठरलं होतं. आता तो रॉड माझ्या खाटेला टेकवला जाईल आणि मी "थँक्यू काकू" म्हणेन, किंवा म्हणणार नाही. सिस्टरना म्हटलं, पाच मिनिटं द्या, मग पाठवा त्यांना आत. पावलं येतायत. काकू बसली की आधी तिला म्हणणार आहे, काकू, मला विचारा ना एकदा, दाबला का.